गोचीड तीनदाच जेवते

गोचिडी, डास आणि वालुमाशा यांबद्दल आलेल्या पत्रांतली काही पत्रं या वेळी घेतली आहेत. बरीचशी पत्रं एकाच धाटणीची होती, 'चावली, आता काय?' त्यांना इथे एकत्र उत्तर मिळेल.

प्रश्न : आमची दोडामार्ग तालुक्यात काजूची बाग आहे. दरवर्षी माकडतापाची भीती असते. वाडीत लोक म्हणतात, माकडांनाच हाकलून लावा, रोग मुळातून जाईल. हे खरं आहे का?

नाही. माकड इथे आरोपी नाही, तुमच्यासारखंच तेही बळी आहे. माणसाला होतो तोच आजार माकडांना आणि वानरांना होतो आणि ती त्याने पटापट मरतात. जंगलात मेलेलं माकड दिसणं ही तर आपल्याला फुकट मिळालेली धोक्याची घंटा आहे.

घोटाळा असा होतो. आजारी माकडाच्या अंगावर गोचिडी रक्त पीत असतात. माकड मेलं, अंग थंड पडलं की त्या सगळ्या तिथेच खाली उतरतात आणि पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पानांच्या थरात, दडतात. त्या जागेच्या आसपासचा पट्टा मग कित्येक दिवस धोक्याचा राहतो. कळप हाकलला तर त्यातली आजारी माकडं दुसऱ्या वाडीत जाऊन मरतील, एवढाच फरक. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, काठीनेही हलवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा.

आता गोचिडीकडे वळू. हिमाफायसालिस स्पिनिजेरा हे तिचं शास्त्रीय नाव, आणि ती जन्मात तीनदाच जेवते. अळी असताना एकदा, पिल्लू असताना एकदा आणि मोठी झाल्यावर एकदा. दर वेळी वेगळ्या प्राण्यावर. अळी बहुधा उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकड असं काहीतरी गाठते. त्या प्राण्याच्या रक्तात विषाणू असेल तर तो गोचिडीच्या अंगात मुक्काम करतो, ती कात टाकून पिल्लू झाली तरी जात नाही. हे पिल्लू माकडाला चावतं आणि माणसालाही. मोठी गोचीड मात्र गुरांसारखी दांडगी जनावरं धरते. पावसाळ्यात मोठ्या गोचिडी, पावसानंतर अळ्या आणि डिसेंबरपासून मेपर्यंत पिल्लं, असं तिचं वर्ष असतं. आणि तुमची काजूची बी वेचणी नेमकी कधी? पिल्लांच्याच हंगामात. बोंडू खाली पडतात, माणसं वाकून, बसून पातेऱ्यात हात घालतात. गोव्यात सत्तरीत २०१५ साली आणि सिंधुदुर्गात २०१६ साली हा आजार दिसला, त्यामागे हा हंगामांचा मेळ मोठा आहे.

गुरांचं काय, हेही कोणीतरी विचारणारच. गुरं विषाणू पसरवत नाहीत, पण मोठ्या गोचिडींना पोटभर रक्त देतात. पोट भरलेली मादी हजारो अंडी घालते. म्हणजे जंगलाच्या कडेला चरणारं गुरू रोग वाढवत नाही, गोचिडी वाढवतं. हे बारीक भेद वाटतात, पण उपाय कुठे करायचा ते यावरूनच ठरतं.

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पँट मोज्यात खोचा. उघड्या अंगाला आरोग्य केंद्रातून मिळणारं गोचीडरोधक तेल लावा. पातेऱ्यावर बसून डबा खाऊ नका. घरी आल्यावर आधी गरम पाण्याने आंघोळ, कपडेही गरम पाण्यात. भाजावळीसाठी किंवा गोठ्यात अंथरायला आणलेला पातेरा हंगामात शक्यतो टाळा. आणि अचानक चढलेला ताप, कंबर मोडल्यासारखं दुखणं, लाल डोळे अशी लक्षणं दिसली तर गोळी घेऊन घरी थांबू नका. 'मी बागेत जातो' हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. यावर विषाणू मारणारं खास औषध नाही. पण वेळेवर सलाईन आणि देखरेख मिळाली तर बहुतेक माणसं उठतात. शंभरातली तीन ते पाच दगावतात. काहींना बरं वाटल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा ताप येतो आणि तो मेंदूपर्यंत जातो, म्हणून पहिला ताप उतरला की निश्चिंत होऊ नका. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे घरच्यांनी रुग्णाला वाळीत टाकू नये.

लशीबद्दल : कर्नाटकात वर्षानुवर्षं दिली जाणारी जुनी लस पुरेशी चालत नाही असं दिसल्यावर २०२२ मध्ये थांबवली. नवीन लशीवर काम चालू आहे. तोवर पँट, मोजे आणि तेल.

प्रश्न : माकडतापाचा विषाणू पक्ष्यांबरोबर सायबेरियातून आला असं आमच्या प्राध्यापकांनी सांगितलं. पुण्याशी याचा काही संबंध आहे का?

पुण्याशी आहे, सायबेरियाशी बहुधा नाही. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली. तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधली माणसं धावत गेली, कारण माकडं मरतात म्हटल्यावर सगळ्यांना पिवळ्या तापाची धास्ती वाटली. पिवळा ताप भारतात शिरला असता तर हाहाकार झाला असता. हीच ती पुण्याची संस्था, जिला आज आपण एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणतो. विषाणू सापडला तो मात्र रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा नातेवाईक निघाला. मग तर्क झाला, हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांनी आणला असेल. त्या तर्कापायी बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने) पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या पुढाकाराने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांच्या पायात कडी घालायला सुरुवात केली. विषाणूचं गूढ त्यातून सुटलं नाही, पण भारतीय पक्ष्यांच्या स्थलांतराची माहिती मात्र ढिगाने मिळाली. विज्ञानात चुकीच्या तर्काचं असं सोनं होतं कधीकधी. पुढे या विषाणूचा अगदी सख्खा भाऊ सापडला तो सौदी अरेबियात, १९९० च्या दशकात. त्यामुळे सायबेरियाची गोष्ट आता मागे पडली आहे.

प्रश्न : डास एड्सच्या रुग्णाला चावून मला चावला तर?

काही होणार नाही. डासाची सोंड ही सलाईनची सुई नव्हे. तिच्यात दोन वाटा असतात, एकीतून लाळ आत जाते, दुसरीतून रक्त वर येतं. मागच्याचं रक्त तुमच्यात ओतलं जात नाही. एड्सचा विषाणू डासाच्या पोटात चक्क पचतो. डेंग्यूचा विषाणू मात्र आतड्याची भिंत ओलांडून लाळग्रंथीपर्यंत पोहोचतो, त्याला आठ-दहा दिवस लागतात. डासीण एवढी जगली तरच ती धोक्याची. म्हणजे डेंग्यू देणारी डासीण नेहमी म्हातारी असते.

प्रश्न : आम्ही मुलाकडे न्यू जर्सीला आलो आहोत. नातू मागच्या अंगणात खेळून आला आणि संध्याकाळी त्याच्या गुडघ्यामागे गोचीड सापडली. आम्ही ती काडी पेटवून काढायला निघालो होतो, सुनेने थांबवलं. कोण बरोबर?

सूनबाई. काडी, रॉकेल, तेल, तंबाखू यांपैकी काहीही लावू नका. गोचीड बिथरते आणि पोटातलं जखमेत ओकू शकते. बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून तिचं तोंड धरा आणि सरळ वर ओढा. पिळू नका, गरागरा फिरवू नका. मग साबणाने धुवा.

तिथल्या गोचिडींमुळे होणाऱ्या लाइम आजाराची बातमी तुमच्यासाठी थोडी दिलासा देणारी आहे. त्याचे जंतू (हे जिवाणू, विषाणू नव्हेत) गोचिडीच्या आतड्यात झोपलेले असतात. तिने रक्त प्यायला सुरुवात केली की ते जागे होतात, आपल्या अंगावरचं एक प्रथिन बदलून दुसरं चढवतात आणि मग लाळग्रंथीकडे निघतात. याला बहुधा दिवसभराहून जास्त वेळ लागतो. दुपारी चिकटून संध्याकाळी काढलेली गोचीड फारसा धोका देत नाही. मात्र हा हिशेब जंतूंचा, विषाणूंचा नव्हे. विषाणू तिथल्या किंवा इथल्या गोचिडीच्या लाळेतच असला तर तो थांबत बसत नाही. म्हणून न्यू जर्सीचा 'चोवीस तास' हा मंत्र दोडामार्गच्या वाचकांनी उचलू नये.

पुढचा महिनाभर नातवाच्या अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा येतो का, ताप येतो का पाहा. चट्टा नेमबाजीच्या चकतीसारखाच असतो असं नाही. डॉक्टरांना फोनवर कल्पना द्या. जोखीम जास्त वाटली तर ते पहिल्या तीन दिवसांत प्रतिजैविकाचा एकच डोस देतात. आणि रोज संध्याकाळी त्याच्या काखेत, कानामागे, गुडघ्यामागे, केसांत तपासा. तिथली पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, चष्मा लावून बघा.

गंमत अशी की लोक तिथे हरणांना दोष देतात, जसे आपल्याकडे माकडांना. हरणं मोठ्या गोचिडींना जेवण घालतात, आपल्याकडच्या गुरांसारखी. जंतू मात्र पिल्लांना मिळतात ते पांढऱ्या पायांच्या उंदराकडून.

प्रश्न : होल्स्टीनच्या संकरित गाई आहेत. गोचिडींवर दर महिन्याला औषध फवारतो, दहा दिवसांत पुन्हा तेवढ्याच. औषधं बनावट आहेत का?

असू शकतील, पण आधी गोठ्याची भिंत बघा. रात्री बॅटरी घेऊन जा आणि भेगांमध्ये, गव्हाणीच्या खाली, खुंट्याच्या खड्ड्यात उजेड पाडा. गाईच्या अंगावर दिसतात त्या पोटोबा भरायला आलेल्या. बाकीचं गाव भिंतीत आहे. थायलेरिया हा गुरांचा ताप पसरवणारी हायलोमा जातीची गोचीड तर भेगांतच कात टाकते. एका मादीची दोन-चार हजार अंडी तुमच्या फवाऱ्याला दिसतच नाहीत. भेगा सिमेंटने बुजवा, गोठा कोरडा ठेवा, भिंतीलाही औषध मारा, शेणाचे ढीग भिंतीपासून लांब ठेवा.

दुसरं, औषध पाण्यात जास्त पातळ करून मारलं तर कमकुवत गोचिडी मरतात आणि दणकट उरतात. पुढची पिढी दणकटांचीच. डबीवरचं प्रमाण पाळा आणि पशुवैद्याला विचारून औषधाचा गट बदला, नुसता कंपनीचा शिक्का नव्हे. खिलार-देवणीला या गोचिडींची जन्माची सवय असते, संकरित गाईला नसते. दूध अचानक कमी झालं, ताप आला, खांद्यापुढची गाठ सुजली तर थायलेरियाचा संशय घ्या. लघवी कॉफीसारखी झाली तर बॅबेसिया या दुसऱ्या गोचीडजन्य आजाराचा. दोन्हींची औषधं वेगळी, म्हणून रक्त तपासूनच इंजेक्शन.

अमेरिकेत स्मिथ आणि किल्बोर्न यांनी गुरांचा टेक्सास ताप गोचिडीच पसरवतात हे १८९३ मध्ये सिद्ध केलं. डासातला मलेरिया रॉसला १८९७ मध्ये सापडला, त्याच्या चार वर्षं आधी. रोग वाहणाऱ्या बारक्या जिवांच्या शास्त्राची सुरुवात गोठ्यातून झाली, हे आमच्या डासवाल्यांना आवडत नाही.

प्रश्न : चांदीपुरा विषाणू आमच्या नागपूरचा आहे, असं ऐकलं. खरंच?

खरं. १९६५ मध्ये नागपूर परिसरातल्या चांदीपुरा भागातल्या तापाच्या रुग्णांमध्ये तो सापडला आणि पुण्याच्या संशोधकांनी त्याला गावाचं नाव दिलं. वाहक वालुमाशी. ती डासाहून कितीतरी लहान, म्हणून साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून आत शिरते. तिला भेगांमधली ओल आणि शेण-कचरा आवडतो. आजार मुख्यतः लहान मुलांना होतो आणि फार झपाट्याने मेंदूवर जातो. तेव्हा ताप आणि आकडी एकत्र आली तर सकाळची वाट पाहू नका.

प्रश्न : सर, मी सहावीत आहे. गोचीड झाडावरून आपल्या डोक्यावर उडी मारते का?

नाही बाळा. तिला पंखही नाहीत आणि उडी मारायचे पायही नाहीत. लहानपणी तिला सहा पाय असतात, नंतर आठ होतात. म्हणून ती कीटक नाही, कोळ्याच्या घराण्यातली आहे. ती गवताच्या टोकावर चढते आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून वाट पाहते. त्या पायांत तिचं नाक असतं असं समज, त्यावर तिला तुझ्या श्वासाचा वास आणि अंगाची ऊब कळते. तू घासून गेलास की ती तुला धरते आणि वर चढत जाते. म्हणून डोक्यात सापडते, तेव्हा झाडावरून पडली असं वाटतं. सहलीला जाताना पांढरे मोजे घाल. काळ्या मोज्यांवर ती दिसत नाही, पांढऱ्यांवर मोजता येते.