वाचकांचे प्रश्न : परत मागवलेल्या मांसाचे काय?

प्रश्न : दूषित मांस कंपन्या परत मागवून नष्ट करतात. ते नीट शिजवून वापरता येणार नाही का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : काही अंशी येईल. ई. कोलाय जीवाणू ७१ अंश सेल्सिअसला मरतात. परंतु दुकानांत, घरांत पोहोचलेली पाकिटे मधल्या काळात कशी ठेवली गेली याची खात्री कोण देणार? शिवाय स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या एका जीवाणूने मांसात सोडलेले विष उकळूनही जात नाही.

नासाडीचे मूळ बहुधा कारखान्यातच असते. १९९७ मध्ये अमेरिकेतील हडसन फूड्स या मांस कंपनीला सुमारे १ कोटी १३ लाख किलो गोमांसाचा खिमा परत मागवावा लागला, कारण आदल्या दिवशी उरलेला खिमा दुसऱ्या दिवशीच्या मालात मिसळण्याच्या (काटकसरीच्याच!) रिवाजामुळे दूषित माल नेमका कुठे संपला, हे सांगताच येईना. रोजचा लॉट वेगळा ठेवला असता, तर बराच माल वाचला असता.