तिच्या अंगावर जखमा लिहू नकोस

पोरी,

खऱ्या अत्याचार-खटल्यावरच्या तुझ्या सिनेमाचा खर्डा वाचला. संवाद ठसकेबाज आहेत, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांच्या रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांचा कान त्यात दिसतो. घोळ हल्ल्याच्या सीनमध्ये आहे. मुलगी ओरडते, ओरबाडते, रक्तबंबाळ होते. निकालपत्रात यातलं काही नाही. प्रेक्षकाला तिचं म्हणणं पटावं म्हणून तू ते घातलंस.

जखमा दिसल्या तरच विश्वास, हीच अट एकदा कोर्टाने घातली होती. १९७२ साली तुझ्याच देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात आदिवासी मुलीवर अत्याचाराचं प्रकरण झालं. हायकोर्टाने दोन पोलिसांना दोषी धरलं, १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सोडलं. अंगावर जखमा नाहीत, हे त्यातलं एक कारण. त्यावरच्या संतापातून १९८३ ची कायदादुरुस्ती आली. पीडितेची ओळख उघड करण्यावरची बंदीही त्याच दुरुस्तीतली. आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, वर दंड.

त्यामुळे नुसतं नाव बदलून भागणार नाही. दीडशे उंबऱ्यांच्या गावात बापाचा धंदा आणि घरामागची बोडी, म्हणजे छोटं तळं, एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. तालुका, बापाचं काम, भावंडं, तिन्ही एकदम बदल, आणि शूटिंग त्या गावात नको. मुलगी हयात नसली, आईने तुला लेखी संमती दिली, तरी नाव छापता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मृत पीडितेबद्दलही हेच सांगितलं. ‘सत्यघटनेवर आधारित, पात्रे काल्पनिक’ ही पाटी इथे कामाची नाही.

आता कागद. पेपरची कात्रणं बाजूला ठेव. खटला क्रमांक आणि वर्ष घेऊन कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज कर. तू पक्षकार नाहीस, तेव्हा कारण नीट लिही. मग वहीत तीन रकाने: कोर्टाने सिद्ध मानलेलं, साक्षीदार बोललेलं, तू रचलेलं. आरोपीची ठाण्यातली कबुली तू फ्लॅशबॅक करून खरी ठरवलीस. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा धरत नाहीत, म्हणून ती दुसऱ्या रकान्यातही बसत नाही. काढ.

हल्ला दाखवू नकोस, कॅमेरा दाराबाहेरच थांबव, आतला आवाजही नको. त्यातून उरलेली पानं तिच्या जिवंतपणीच्या सीनना दे. आत्ता ती फक्त गुणी आहे, बाकी काही नाही. तिला धानाच्या रोवणीच्या मजुरीवरून भांडू दे, मंडईच्या जत्रेत बांगड्यांसाठी हट्ट करू दे, खोटंही बोलू दे. खलनायकाला एन्ट्रीला टाळी मिळते हे तुला ठाऊक आहे. त्याची एन्ट्री तिच्या चौथ्या सीननंतर ठेव.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा प्रत्येक सीनच्या समासात रकान्याचा आकडा टाक.