म्हैस लंगडते की जपून चालते?

प्रश्न : आमचा गोरेगावला, आरेत तबेला आहे. पावसाळ्यात बऱ्याच म्हशी पाय आखडून चालतात. खरी लंगडणारी ओळखायची कशी?

उत्तर : तबेल्यातल्या ओल्या लादीवर पाहूच नका, तिथं धडधाकट म्हैसही आखूड पावलं टाकते. धार काढून झाल्यावर कोरड्या, सपाट जागेवर तिला न हाकता दहा पावलं चालू द्या आणि बाजूनं, मग मागून बघा.

चालीला गुण द्या, ० ते ३. चारही पायांवर सारखा भार असेल तर ०. पावलं असमान, पण दुखरा पाय सांगता येत नाही, तर १. पाय स्पष्ट कळतो, बहुधा पाठीला कमान येते, तर २; एक-दोन दिवसांत खूर उचलून तपासा. कळपाबरोबर चालणंच जमत नसेल तर ३, त्याच दिवशी डॉक्टर. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेलं इंजेक्शन नको.

पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं. मागच्या पायात बहुतेकदा बाहेरची नखी (दुभंगलेल्या खुराचा बाहेरचा भाग) बिघडलेली असते. नख्यांच्या मधे सूज आणि कुजका वास असेल तर तिथला संसर्ग. एकाच वेळी तीन-चार लंगडल्या आणि लाळ गळत असेल तर लाळ्या-खुरकूत समजून लगेच वेगळ्या बांधा.

पाय बुडवायला १०० लिटर पाण्यात ५ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट). आधी खुरं धुवा, शेणानं मोरचुदाचा जोर जातो. वापरलेलं पाणी नाल्यात सोडू नका, मासे मरतात.