पिकलेली पपई, कच्चा संभारा आणि बाजारचा रस

प्रश्न : स. न. वि. वि. मी वडोदऱ्यात दांडिया बाजार भागात राहते. मला पाचवा महिना सुरू आहे. आमच्या आजेसासूबाईंनी पपई आणि अननस उष्ण म्हणून, तर केळ्याने बाळाला सर्दी होते म्हणून, ही तिन्ही फळे बंद केली आहेत. त्याऐवजी रोज संध्याकाळी त्या बाजारातून बर्फ घातलेला मोसंबीचा रस मागवतात. रविवारी फाफड्याबरोबर येणारा पपईचा संभारा मात्र आम्ही सगळेच खातो. त्यांचा माझ्यावर फार जीव आहे, त्यामुळे त्यांचे बोलणे मोडवत नाही. मी कोणती फळे खावीत?

उत्तर : आजेसासूबाईंची भीती निराधार नाही, पण ती चुकीच्या पपईला चिकटली आहे. कच्च्या पपईच्या पांढऱ्या चिकात पपेन व इतर द्रव्ये असतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील एका अभ्यासात या चिकामुळे गर्भाशयाच्या स्नायूचे आकुंचन झाले. पूर्ण पिकलेल्या पपईच्या रसाने मात्र तसे झाले नाही. म्हणून बाळंत होईपर्यंत आपण दूर ठेवायचा तो संभारा, कारण तो कच्च्याच पपईचा असतो. केशरी, मऊ झालेल्या पपईच्या चार फोडी खाण्यास हरकत नाही. अननसातील ज्या द्रव्याची भीती घातली जाते, ते ब्रोमेलेन मुख्यतः त्याच्या खोडात असते, गरात फार थोडे. एकदोन चकत्यांनी काही बिघडत नाही. केळ्याने पोटातील बाळाला सर्दी होत नाही.

मला खरी काळजी वाटते ती त्या रसाची. रस गाळताना मोसंबीचा चोथा जातो आणि तीनचार फळांची साखर एका पेल्यात उतरते. गरोदरपणातील मधुमेहासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन करायची तपासणी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान होते, म्हणजे आपली ती वेळ जवळच आली आहे; साखर वाढलेली निघाली, तर कोणते फळ किती खावे हे आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. याहून गंभीर गोष्ट बर्फाची आणि पाण्याची आहे. दूषित पाण्यातून पसरणारी हेपटायटिस ई ही कावीळ इतरांना बहुधा बरी होऊन सोडते, पण गर्भवतीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती जिवावर बेतू शकते. रस्त्यावरची कापलेली फळे, उसाचा रस, बर्फाचे गोळे हे सगळे याच कारणासाठी टाळावे. आजेसासूबाईंना एवढेच सांगा की मोसंबी घरी आणून, सोलून, त्यांनी स्वतःच्या हातांनी फोडी द्याव्यात. त्यांची मायाही राहील आणि चोथाही पोटात जाईल. लोहाच्या गोळ्यांनी होणाऱ्या बद्धकोष्ठावर हा चोथा फार उपयोगी पडतो.

त्या गोळ्यांचा विषय निघालाच आहे, तर जामफळाचे, म्हणजे पेरूचे, महत्त्व सांगायला हवे. १०० ग्रॅम जामफळात सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या साधारण चौपट, आणि डाळी-भाज्यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास हे जीवनसत्त्व मदत करते. जामफळाचा हंगाम नसेल तेव्हा जेवणावर लिंबू पिळावे. चहा मात्र जेवणाला किंवा गोळीला लागून घेऊ नये, त्याने हेच शोषण अडते.

प्रमाणाचे म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटना सर्वच प्रौढांना फळे आणि भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम खाण्यास सांगते. आपण दिवसातून दोनदा, दोन वेगवेगळी अख्खी फळे खाल्लीत, तर बाकीचे भाज्यांनी भरून निघेल.

फळ सोलायचे असले तरी आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे, कारण सालीवरची माती सुरीबरोबर गरात जाते. साबण लावू नये. कापलेले फळ लगेच खावे, उरल्यास फ्रिजमध्ये ठेवावे. आता केसर आंबा बाजारात येईल. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास आपल्या देशात बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. शक्य असल्यास कच्ची केसर आणून घरीच अढी घालावी.

आतापर्यंत प्यायलेल्या रसाची धास्ती घेऊ नका. मात्र डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना एकाएकी उडून उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.