मर्दुमकीतला माणूस

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका कॉलेजच्या मुलानं विचारलंय: 'मर्दानगी' आणि 'मर्दुमकी' यांत फरक काय, आणि 'मर्द' हा शब्द 'मर्दन'वरून आला हे खरं का?

साफ खोटं. 'शत्रूचं मर्दन करतो तो मर्द' असं व्यासपीठावरून ठोकून देणारे व्याख्याते ऐकून कान किटलेत. मर्द हा फारसी शब्द, आणि त्याचं सख्खं नातं आहे संस्कृत 'मर्त्य'शी. ज्याला मरण आहे तो. चिरडणारा नव्हे, मरणारा! फारसी-मराठी कोश (१९२५) रचणारे माधवराव पटवर्धन याच गावात, राजाराम कॉलेजात शिकवत होते. त्या गावानं मर्दाला मर्दनातून काढावं, हे मनाला लागतं.

मर्दानगीचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. खरी मौज मर्दुमकीत. फारसीत 'मर्दुम' म्हणजे माणूस, लोक. बायाबापड्या सगळ्या त्यात आल्या. उर्दूत जनगणनेला मर्दुमशुमारी म्हणतात ते म्हणूनच. 'मर्दुमी' म्हणजे शौर्य, तशीच माणुसकी आणि सौजन्यही. आता आपली 'की' पाहा: पाटीलकी, आपुलकी, माणुसकी. माझं ठाम मत आहे की मराठीनं मर्दुमला हीच 'की' जोडली. म्हणजे मर्दुमकी आणि माणुसकी यांची घडण एकच! 'शौर्य, पराक्रम' एवढंच लिहून थांबणारे कोश अर्धा शब्द गिळतात. कुणी फारसी 'मर्दुमक'कडे बोट दाखवील, पण ती डोळ्यातली बाहुली. तिचा पराक्रमाशी काय संबंध?

परवा रंकाळ्याच्या कठड्यावर एक पोरगा डोळे पुसत बसला होता. मुलीनं नाही म्हटलेलं. दोस्त म्हणत होते, "रडतंयस काय बायकागत? मर्द हाईस न्हवं?" आणि त्याच्याच मोबाइलवरून तिला पुन्हा पुन्हा फोन लावत होते. तिनं नाही म्हटलं, विषय संपला. मर्त्य माणूस रडणारच, आणि रडू द्यावा. याच गावात "आरं मर्दा, जेवलास का?" असं किती मायेनं विचारतात! ती माया या शब्दात मुरलेली आहे, ती पोरांना का दिसत नाही? शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबागेचं मैदान उभारलं, आणि १९१९ साली बायकांच्या छळाला आळा घालणारा कायदाही केला. मी दोन्हीला मर्दुमकीच म्हणतो.

फरकाचं राहिलंच. मर्दानगी पुरुषापुरती, मर्दुमकी कुणाचीही. मर्दानी खेळात दांडपट्टा फिरवणाऱ्या पोरीनं मर्दुमकी गाजवली, हे वाक्य शुद्ध आहे, बिनधास्त लिहा. फक्त 'दु' ऱ्हस्व ठेवा, 'मर्दूमकी' चूक.