फार्मसीची प्राध्यापकी : बी.फार्म.चा निकालच आधी बघतात

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, विषय बायोलॉजी. तिला फार्मसी कॉलेजात शिकवायचं आहे. गणित नसल्यानं बी.फार्म. (फार्मसीची पदवी) झेपणार नाही, आधी डी.फार्म. (पदविका) करावं, असं नातेवाईक म्हणतात. खरं काय?
– एक पालक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : डी.फार्म.च्या वाटेला जाऊ नका. त्यावरून बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो खरा, पण दोन वर्षं आणि वर 500 तासांचं प्रशिक्षण देऊन वाचतं एकच वर्ष. औषधांचं दुकान काढायचं असेल तर गोष्ट वेगळी.

बी.फार्म.ला फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत गणित किंवा बायोलॉजी, काहीही चालतं. बायोलॉजीवाल्यांना पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल मॅथेमॅटिक्स, म्हणजे गणिताची उणीव भरून काढणारा विषय, असतो. त्यातले लॉगरिदम आणि इंटिग्रेशन सुट्टीतच पक्के करून घ्या. सहाव्या सेमिस्टरला फार्माकोकायनेटिक्समध्ये रक्तातलं औषध तासागणिक किती उतरतं ते काढताना तेच लागतं, आणि कच्ची मुलं तिथेच अडतात.

आपल्याकडे मध्य प्रदेशात प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन काउन्सेलिंगमधून, बारावीच्या गुणांवर होतात. कॉलेजांचे पर्याय भरण्याआधी प्रत्येकाची मान्यता फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर बघा. नुसता अभ्यासक्रम चालवण्याची परवानगी पुरेशी नाही. फार्मसी कायदा, 1948 च्या कलम 12 खालची मान्यता नसेल, तर पदवी हातात येऊनही फार्मासिस्ट म्हणून नोंदणी अडकते.

आता प्राध्यापकीचं. कौन्सिलच्या 2014 च्या नियमांनुसार शिक्षकाच्या पहिल्या पायरीला बी.फार्म. प्रथम श्रेणीत आणि त्यावर योग्य शाखेतलं एम.फार्म. (पदव्युत्तर पदवी) लागतं. प्रथम श्रेणी म्हणजे सीजीपीए (10 पैकी सरासरी गुणांक) किमान 6. पास व्हायला 50 टक्के पुरतात, म्हणून 5.8 वर पदवी मिळते, घरात पेढे वाटले जातात, आणि शिकवण्याचं दार मात्र तिथेच बंद होतं. पुढे एम.फार्म.ला कितीही गुण मिळवले तरी ते उघडत नाही. सीजीपीए आठही सेमिस्टरांचा मिळून निघतो. पहिल्या वर्षाची ढिलाई शेवटी भरून काढणं फार अवघड जातं. मुलीला हे आजच सांगा.

शेवटच्या वर्षात जीपॅट, म्हणजे एम.फार्म.ची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, द्यावी. 125 प्रश्न, प्रत्येकी 4 गुण, चुकलं की 1 वजा. मिळालेले गुण तीन वर्षं चालतात. जीपॅटवर एम.फार्म.ला प्रवेश घेणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला महिना 12,400 रुपये शिष्यवृत्ती मिळते, पण त्या काळात पगाराची नोकरी चालत नाही. आधार, बँक खातं आणि गुणपत्रिका यांतलं नाव अक्षरशः एकच हवं. आडनावाच्या स्पेलिंगवरूनही पैसे अडतात, तेव्हा ती दुरुस्ती बारावीतच उरका.

एम.फार्म.ची शाखा सोपी कोणती ते पाहून निवडू नका, कारण पुढे शिकवण्याचा विषय आणि पीएच.डी. बहुधा त्याच शाखेतून येतात. पीएच.डी.शिवाय प्रोफेसरपद मिळत नाही.