मैत्रिणीला पगार सांगू का?

प्रश्न: मी वाळूज एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहे. सोबतची मैत्रीण पगार विचारतेय. सांगू का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: ताई, सांगा. पण आधी नेमणूकपत्र काढून गोपनीयतेची अट आहे का ते वाचा. आणि कॅन्टीनमध्ये नको, दोघीच असताना बोला. नुसता 'हातात किती येतो' हा आकडा फसवा असतो. एकीचा पीएफ जास्त कापलेला, दुसरीचा ओव्हरटाइम त्यात मिसळलेला. पगारपत्रकातलं बेसिक आणि डीए शेजारी ठेवून बघा. त्याच कामाला केवळ पुरुष म्हणून कुणाला जास्त मिळत असेल, तर 1976 पासून कायदा तुमच्या बाजूने आहे; 2019 च्या वेतन संहितेतही ती तरतूद आहे. पगार झाकून ठेवण्याचा फायदा बायकांना झालेला मी तरी पाहिला नाही. एचआरकडे गेलात, तर मैत्रिणीचं नाव तेवढं घेऊ नका.